रुई

२००४ सालच्या थंडीत आमच्या घरी ससा आला. कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, माणसं सहा, त्यात हा सातवा. हट्ट थोरल्या मुलीचा. ती तेव्हा आठ वर्षांची. आधीच्या बकरी ईदला चार दिवस बकऱ्याशी खेळून ती इतकी रडली होती की मी बोलून गेलो, "कापायचं नाही असं जनावर आणू." बापाचा असा शब्द मुलं विसरत नाहीत. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, ओंजळीत मावेल एवढा ससा. तिनं नाव ठेवलं रुई. नर होता की मादी ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण नावामुळं तो 'ती' झाला.

शेजारच्या चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "क्या मियाँ, कबाब कब?" त्यावरून जिन्यातच मसला निघाला. चाचा म्हणाले, ससा हलाल आहे. हजरत अनस यांची रिवायत बुखारीत आहे, सशाची मांडी हुजूरांकडे पाठवली होती आणि त्यांनी ती कबूल केली होती. खालच्या मजल्यावरचे बोहरी गृहस्थ म्हणाले, आमच्यात चालत नाही. मुलगी रुईला पोटाशी धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी बायकोनं आतून निकाल दिला, "हलाल है बोलके हर चीज खानाच क्या?"

दोन महिने बरे गेले. मग रुईनं टेलिफोनची वायर तोडली, चपलांचे पट्टे कुरतडले, माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवरचे जुने वार्षिक अंक पाठपुठ्ठ्यासकट फस्त केले. आम्ही तिला द्वाड म्हणायचो. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला दिवसभर गवत चघळावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही द्यायचो गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, कधी चहात बुडवलेला पाव. चित्रातला ससा गाजर खातो, म्हणून गाजर. गवत आणणार कुठून? आमच्या भागात चारा विकायला बसतो तो ईदच्या आधीचे आठ दिवस, तेवढाच.

मार्चमध्ये गॅलरीचा पत्रा तापू लागला. सशाला घाम येत नाही. अंगातली ऊब तो त्या लांब कानांतून बाहेर टाकतो, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तेवढ्यानं भागत नाही. रुई फरशीला पोट लावून धापा टाकायची. त्यात वासावरून सोसायटीची चिठ्ठी आली. अम्मीला दमा. मी ठरवून टाकलं.

मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस मला लहानपणापासून ठाऊक होती. तिनं मांजरीला खायला घातलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही. यातलं 'मोकळं सोडलं नाही' एवढंच मी उचललं. सोयीचं तेवढं आपल्याला बरोबर आठवतं. एप्रिल २००५ मधल्या एका संध्याकाळी, असरच्या नमाजनंतर, मी रुईला खोक्यात घालून स्कूटरवर तळजाईला नेलं. पाचगाव-पर्वतीचं वनखात्याचं रान. गिरिपुष्पाची झाडं, वाळलेलं गवत, खाली चारी बाजूंनी शहर.

खोकं ठेवायला जागा बघत होतो तेवढ्यात पायाजवळून एक ससा उसळला. मातकट रंग, मानेमागं काळा डाग. दोन वळणं घेतली आणि गवतात दिसेनासा झाला. मला इतका आनंद झाला! म्हटलं, घ्या, रुईला भाऊबंद मिळाले.

खोकं उघडलं. रुई बाहेर आली आणि खोक्याला चिकटून बसली. पळाली नाही. मी टाळी वाजवली, तर माझ्याच पायाशी आली. मी तिला तिथंच ठेवून, खोकं घेऊन, भराभर उतरलो. घरी सांगितलं, रुईला जंगलात सोबती मिळाला, माझ्याकडं वळूनही बघितलं नाही तिनं. मुलगी थोडी रडली, मग झोपली.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुन्हा गेलो. खोकं ठेवलं होतं तिथून दहा पावलांवर पांढऱ्या केसांचे पुंजके होते. कुत्र्यांनी नेलं असणार. त्या वाळल्या गवतात तो पांढरा रंग लांबूनही दिसत होता.

आपल्या भाषेत दोघांनाही ससाच म्हणतात. घरातल्या बोलीत खरगोश, तोही दोघांना एकच. खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान. पण ही दोन वेगळी जनावरं आहेत. पाळीव ससा मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात कळपानं राहणारा. त्याची पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही. गवतात खळगी करून एकटा पडून राहतो आणि पळण्यावर जगतो. दोघांची जोडी जमत नाही. १९७२ च्या कायद्यानं रानसशाला संरक्षण आहे. त्याआधी अब्बांच्या गावी शिकारीचा ससा घरोघर यायचा, आणि ससेहोलपट हा शब्द मी त्यांच्याकडून हाका घालण्याच्या अभिनयासकट शिकलो होतो. तरी घरातलं जनावर रानात नेताना हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. ऑस्ट्रेलियात १७८८ पासून पाळीव ससे नेले जात होते, पण देशभर ससे माजले ते १८५९ मध्ये एका इंग्रज जमीनदारानं इंग्लंडहून मागवलेल्या सशांपासून. त्यांच्यात रानटी रक्त होतं म्हणूनच ते टिकले आणि पसरले, असं २०२२ च्या जनुकीय अभ्यासात निघालं. वाचलं आणि अंक मिटून ठेवला.

२०२४ च्या पावसाळ्यात मी मुलीकडं उंड्रीला होतो. नातू पाच वर्षांचा. इमारतीलगतच्या मोकळ्या प्लॉटमधून, जिथं आता पत्रे लागलेत, तो टोपीत काहीतरी घेऊन आला. रानसशाचं पिल्लू. मुठीएवढं, पण डोळे उघडे, अंगावर केस. "नानाजान, इसकी अम्मी खो गई." मुलीनं टोपीत एकदाच बघितलं आणि म्हणाली, "खोई नै. दिवसभर ती मुद्दाम लांब राहते, अंधार पडला की दूध पाजायला येते. जिथून आणलंस तिथंच ठेवायचं." नातू पाळायचंच म्हणून लोळला. ती बधली नाही.

आम्ही पिल्लू खळगीत ठेवलं. मगरीबनंतर गॅलरीतला दिवा बंद करून बसलो. प्लॉटवर काही दिसत नव्हतं. नातू झोपून गेला. मग मुलीनं विचारलं, "अब्बू, रुईला कुठं सोडलं होतं?"

मी सांगितलं. केसांचंही सांगितलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या दिवशी जेवला नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं."

सकाळी नातवाला घेऊन गेलो. खळगी रिकामी होती. गवत चेपलेलं होतं. मी आजूबाजूला दहा पावलं फिरून बघितलं, केस कुठं दिसले नाहीत.

"अम्मी ले गई क्या?" त्यानं विचारलं.

"मालूम नै, बेटा," मी म्हणालो.