एका बाराची बंदूक

नळीची लांबी

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक बंदूक-कारागीर पेनसिल्व्हेनियात येऊन वसले, तेव्हा त्यांचा हात बसलेला होता ‘येगर’ रायफलीवर. आखूड, तीसेक इंचांची नळी, मोठं भोक, जाड अंग. लँकेस्टर, रेडिंग, बेथलेहेम या परिसरातल्या कार्यशाळांत पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तीच बंदूक लांब आणि सडपातळ होत गेली. नळी 42 ते 46 इंचांवर गेली, भोक अर्ध्या इंचाच्या आसपास आलं. जगात ती केंटकी रायफल म्हणून ओळखली जाते, पण घडली ती इथे, पेनसिल्व्हेनियात.

या बदलाचं कारण शिकाऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्यात आहे. महिनोन्महिने रानात राहणाऱ्याला शिसं आणि दारू दोन्ही वाहून न्यावी लागत. एक पौंड शिशातून 0.59 इंची गोळ्या निघतात 22, आणि 0.49 इंची निघतात 39. म्हणजे तेवढ्याच वजनात पाऊणपट जास्त बार. नळी लांब केली की दारूला जळायला वाव मिळतो. शिवाय मागची खाच आणि टोकावरची माशी यांच्यातलं अंतर वाढतं, त्यामुळे नेमातला बारीक फरकही डोळ्याला दिसतो. मी घडवतो आहे ती बंदूक याच घराण्यातली आहे: चकमकीची, ठासणीची, 50 कॅलिबरची, 42 इंची नळीची.

काळी दारू

75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. हे प्रमाण शतकानुशतकं जवळपास तेच राहिलं आहे. ही दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो, बाकीचा काजळी होऊन नळीत बसतो. ही काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि नळीला गंज आणते.

या बंदुकीबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं इथून निघतं. हिचं प्रत्येक वळण, प्रत्येक खाच आणि ती हाताळणाऱ्याची प्रत्येक सवय या दारूच्या स्वभावातून आली आहे. पितळेची नक्षी डोळ्यात भरते, पण ती नंतरची. आधी काजळी.

लाकूड

दस्त्यासाठी लहरदार मेपल. उजेडात फिरवलं की पट्टे हलल्यासारखे दिसतात. दिसायला देखणं, पण पटाशीला अवघड, कारण रेषा सतत दिशा बदलतात आणि पातं जरा चुकीच्या बाजूने लागलं की ढलपी निघते. त्यामुळे शेवटचा हात पटाशीचा नसतो. पोलादी पात्याची धार उभी धरून लाकूड खरवडायचं.

नळी लाकडात बसवण्याची रीत मला फार आवडते. नळीच्या खालच्या अंगाला तेलात कालवलेली काजळी पातळ लावायची, नळी खाचेत दाबून बसवायची आणि उचलायची. लाकडावर जिथे काळे ठिपके उठले तिथे लोखंड टेकतं आहे. तेवढेच ठिपके खरवडायचे, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सुरुवातीला ठिपके दोन-चारच आणि ठळक असतात. काम पुढे सरकतं तसे ते वाढतात, बारीक होतात आणि शेवटी सगळ्या खाचेत सारखे पसरतात. मग नळी बसते. यात घाई चालत नाही, कारण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

नळी आठ कोनांची आहे आणि सरळसोट नाही. दस्त्याकडे जाड, मध्ये बारीक, टोकाशी पुन्हा किंचित जाड. मागे दारूचा दाब सगळ्यात जास्त म्हणून तिथे धातू जास्त, मध्ये कमी म्हणून वजन हलकं. हातात घेतली की तोल दोन हातांच्या मध्ये येतो.

विल्यम्सबर्ग

नळी मी तयार घेतली आहे. आज बहुतेक सगळे तेच करतात. पण ती जुन्या काळी कशी होत असे हे पाहायचं असेल तर व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या इतिहास-संग्रहालयाचा ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट पाहावा. 1960च्या दशकातला आहे. वॉलेस गस्लर हे तिथले कारागीर अठराव्या शतकातल्या हत्यारांनी संपूर्ण रायफल घडवतात. लोखंडाची जाड पट्टी भट्टीत तापवून सळईभोवती वळवायची आणि घणाच्या घावांनी कड कडेला जोडायची. मग भोक कोरून सरळ करायचं आणि शेवटी आत पीळ पाडायचा.

पीळ पाडण्यासाठी पिळाच्या खाचा असलेला लांब लाकडी दांडा असतो. तो ओढताना फिरतो आणि त्याच्या पुढचं छोटं पातं नळीच्या आतून केसभर धातू काढतं. एकेक खाच खोल व्हायला तो कितीतरी वेळा ओढावा लागतो. माझ्या नळीचा पीळ 66 इंचांत एक वळसा असा आहे. म्हणजे 42 इंचांच्या प्रवासात गोळी एक पुरता वळसाही घेत नाही, आणि गोल गोळीला तेवढी फिरकी पुरते.

चिंधी

भोक 0.50 इंच, गोळी 0.49. गोळी मुद्दाम लहान ठेवतात. भोकाइतकी मोठी केली तर दोन-चार बारांनंतर काजळीमुळे ती खाली जाणारच नाही. उरलेली फट भरून काढते चरबी लावलेली सुती चिंधी. गोळी तिच्यात गुंडाळून गजाने ठासायची. पिळाची पकड गोळीला मिळते ती चिंधीमुळे. ती वायू अडवते, आणि ठासताना आधीच्या बाराची काजळीही थोडी खाली ढकलते.

बार झाल्यावर चिंधी काही पावलांवर पडते. ती उचलून पाहावी. कड झिरझिरीत, मधला भाग धुरकट पण शाबूत असेल तर सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा दारू जास्त. सरळ रेषेत कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे, ती घासून बोथट करायला हवी. निशाणावरच्या भोकापेक्षा ही चिंधी जास्त सांगते.

कान

नळीच्या मागच्या टोकाला बाजूने एक बारीक भोक असतं, साधारण 1.6 मिलिमीटरचं. तो कान. त्याच्या बाहेर छोटी वाटी, वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. चाप ओढला की घोडा पुढे पडतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडतं आणि ठिणग्या वाटीत पडतात. ठिणग्या असतात पोलादाच्या: गारगोटी त्याचे बारीक कण तासते आणि ते हवेत जळतात. म्हणून झाकणाचं पाणी चांगलं हवं. मऊ राहिलं तर ठिणगीच नाही.

कान कुठे पाडायचा हा या कामातला सगळ्यात जपून घ्यायचा निर्णय. वाटीच्या मधोमध, तिच्या वरच्या कडेच्या पातळीला. खूप खाली गेला तर रंजकात बुडतो. रंजक पेटावी आणि तिची धग उघड्या कानातून थेट आत पोचावी, ही खरी योजना. कानातच दारू भरली असेल तर ती वातीसारखी कणाकणाने जळत जाते आणि बाराला उशीर होतो. नुसती रंजक उडाली आणि आतली दारू पेटलीच नाही, तर तो फुसका बार. तेव्हा नळी निशाणाकडेच धरून थांबायचं, कारण आत विस्तव धुमसत असू शकतो.

मधला क्षण

चाप ओढणं आणि गोळी सुटणं यांत एक फट असते. चांगल्या बंदुकीत ती सेकंदाचा लहानसा अंश असते, पण नेम बिघडायला तेवढी पुरते. डोळ्यांपुढे रंजक भडकते, शरीर दचकू पाहतं, आणि गोळी अजून नळीतच असते. या फटीत हलायचं नाही. माशी निशाणावर ठेवायची आणि बार होऊन गेल्यावरही तिथेच ठेवायची. इथले जुने नेमबाज नवख्याला पहिल्यांदा हेच शिकवतात. ज्याला हे जमलं त्याचा हात आधुनिक रायफलीवरही सुधारतो.

बार भरतानाही असाच क्रम पाळावा लागतो. शिंगातली दारू आधी मापात, मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत कधीच नाही, कारण आत एखादी ठिणगी उरली असेल तर सगळं शिंग हातात पेटेल. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मध्ये मोकळी जागा राहता कामा नये. गजावर खूण करून ठेवली की खात्री होते. आणि बिनधुराची आधुनिक दारू या नळीत कधीच घालायची नाही. तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही.

फर्ग्युसन

पॅट्रिक फर्ग्युसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1776 साली मागून भरायच्या रायफलीचं पेटंट घेतलं. चापाची कमान फिरवली की उभा स्क्रू खाली उतरे आणि नळीचं मागचं तोंड उघडे. गज नको, ठासणं नको. स्क्रू काजळीने अडकू नये म्हणून त्याने खास खाचा ठेवल्या होत्या. काळ्या दारूशी प्रत्येक कारागिराला असा करार करावा लागला आहे.

त्याच्या बंदुका शंभराच्या आसपासच बनल्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, 7 ऑक्टोबर 1780 रोजी किंग्ज माउंटनच्या लढाईत तो मारला गेला. समोर डोंगरी मुलखातले लोक होते आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती ठासणीच्या लांब रायफली होत्या. या रायफलींना संगीन बसत नसे आणि साध्या मस्केटच्या मानाने त्या भरायला बराच वेळ लागे. झाडीतून, उतारावरून, दुरून मारा करताना मात्र त्या भारी ठरल्या.

सोरा

काळी दारू म्हटलं की बिहारचा उल्लेख व्हायलाच हवा. तिथल्या नोनिया समाजाने मातीतून काढलेला सोरा दीर्घ काळ जगभर जात होता. 1861 साली अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारला दारूसाठी सोरा कमी पडू लागला, तेव्हा दारू बनवणाऱ्या घराण्यातल्या लॅमॉ ड्यूपाँ यांना गुपचूप इंग्लंडला धाडलं गेलं. तिथे त्यांनी मिळेल तेवढा भारतीय सोरा विकत घेतला. उत्तरेच्या नौदलाने ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दूत पकडले, त्या प्रकरणावरून ब्रिटिश सरकारने तो सोरा अडवून धरला आणि तंटा मिटल्यावर सोडला. अमेरिकन बंदुकांच्या इतिहासात नोनियांचे श्रम मिसळलेले आहेत, आणि त्यांचं नाव त्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कोकण

आमच्याकडे ठासणीची बंदूक अजून जिवंत आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर केपाच्या, म्हणजे चकमकीऐवजी केपेवर घोडा आपटून पेटणाऱ्या, बंदुका आहेत. रानडुकरं आणि माकडं भात-नारळाचं काय करतात हे ज्याने पाहिलं त्याला कारण सांगावं लागत नाही. निवडणूक आली की त्या जमा करायची वेळ येते.

मात्र मी इथे करतो ते तिथे कुणी करू नये. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, मग ती कितीही जुन्या धाटणीची असो. अमेरिकेच्या 1968च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या बंदुका वेगळ्या धरल्या आहेत, पण राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत आणि ते आधी वाचावेत.

माणसं

ही कला जवळजवळ विझली होती. 1933 साली ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं मैदान इंडियानातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावात आहे. तिथे धूर, शिसं आणि गप्पा एकत्र नांदतात. पेनसिल्व्हेनियाने 1974 साली फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू केला. नाताळानंतर, कडाक्याच्या थंडीत, रंजक कोरडी ठेवत लोक रानात जातात.

जो किंडिग यांचं 1960चं केंटकी रायफलीवरचं पुस्तक माझ्या बाकावर उघडं असतं. दस्त्याच्या मनगटाची उतरण आणि चिंधीपेटीचं पितळी झाकण पाहून बंदूक कोणत्या परगण्यातली हे ओळखायला त्यातून शिकलो. लँकेस्टरच्या पेट्यांवर बऱ्याचदा डेझीचं फूल असतं.

पाणी

सफाईला मुख्य साधन पाणी. काजळीतले क्षार पाण्यात विरघळतात. नुसतं तेल त्यांना झाकून ठेवतं आणि खाली गंज चालू राहतो. कोमट पाण्याची चिंधी गजावर चढवून नळीत फिरवली की सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे करायचं, नळी पूर्ण कोरडी करायची, मग तेल. हे त्याच दिवशी, जेवणाआधी.

सुरुवात करणाऱ्यासाठी

परवाना आणि कायदा जिथे मोकळीक देतात तिथे राहणाऱ्याने आधी जुन्या बंदुका हातात घेऊन पाहाव्यात. छायाचित्रात जाडी कळत नाही. पैसे नळी आणि घोड्याच्या यंत्रावर खर्चावेत, कारण त्यांतली कसर पुढे कारागिरीने भरून निघत नाही. लाकूड वाळलेलं घ्यावं. कोरीव काम पहिल्या बंदुकीवर करू नये. आधी तिने बार नीट उडवावा आणि काजळी नीट सोडावी. नक्षीसाठी पितळ थांबायला तयार असतं.