मळसूत्राची शेपटी

हेलिकॉप्टर हा शब्द यंत्राच्या आधी जन्मला आणि बराच काळ यंत्रावाचूनच जगला. तो घडवला १८६१ साली, गुस्ताव द पोंतों द'आमेकूर या फ्रेंच सरदाराने. हा गृहस्थ जुन्या नाण्यांचा गाढा अभ्यासक. तेव्हा नवं नाव हवं म्हणून तो ग्रीक भाषेच्या दारात गेला यात नवल नाही. ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र, ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख. मळसूत्रासारखा गरगरत हवेत शिरणारा पंख! पुढे त्याने वाफेवर चालणारी एक छोटी प्रतिकृतीही केली, तीत तेव्हा फार महाग असलेलं अॅल्युमिनियम वापरलं. सगळं झालं, फक्त ती उडाली नाही.

त्याचा एक सोबती होता छायाचित्रकार नादार. बलून वाऱ्याचा गुलाम, खरं उड्डाण हवेपेक्षा जड यंत्राचंच, असं या मंडळींचं ठाम मत. १८६३ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली. कादंबरीकार जूल व्हर्नही तीत होता. पण पैसा? नादारने एक अवाढव्य बलून बांधला आणि तिकीट लावलं. बलूनला निरोप द्यायचा, तोही बलूनच्याच कमाईतून! दुसऱ्याच सफरीत वाऱ्याने त्याला पॅरिसहून थेट हॅनोव्हरच्या मुलखात नेऊन फरफटवलं आणि नादार जबर जखमी झाला. बलून बेभरवशाचा असतो याचा याहून चोख पुरावा त्याला दुसरीकडे मिळाला नसता. हेलिकॉप्टर मात्र अजून बरंच दूर होतं. इगोर सिकोर्स्की या अभियंत्याच्या हेलिकॉप्टरने अमेरिकेत जमीन सोडली ती १९३९ साली, तीही दोरखंडांनी बांधलेल्या अवस्थेत.

‘प्तेरॉन’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘पत्’ धातू त्याच कुळातला. ‘पत्र’ म्हणजे पंख, पीस. मग झाडाचं पान, मग पानावर लिहिलेला मजकूर. म्हणजे टपालातून येणारं पत्र हे हेलिकॉप्टरचं चुलत भावंड. आणि गंमत अशी, की याच ‘पत्’पासून प्राकृताच्या वाटेने आपलं ‘पडणे’ही आलं. उडणं आणि पडणं एकाच पोटचं, हे वैमानिकांना वेगळं सांगायला नको.

शब्दाचा खरा सांधा ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये आहे. पण शब्दाच्या तोंडाशी प आणि ट जोडून घेणं इंग्रजी जिभेला झेपत नाही. ‘टेरोडॅक्टिल’ या शब्दाच्या सुरुवातीचा प इंग्रज लिहितात, उच्चारत नाहीत. मग तुकडे पडले ते ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असे. मळसूत्राची शेपटी तुटून पंखाला चिकटली. एकाला पुढे हेलिपॅड, हेलिपोर्ट झाले, दुसऱ्याला क्वाडकॉप्टर. भाषाशुद्धीवाल्यांनी खुशाल नाक मुरडावं, मला ही आडवीतिडवी तोड आवडते. ती विद्वानाच्या टेबलावर झालेली नाही, बोलणाऱ्यांच्या तोंडात झाली आहे. निवडणुकीच्या हंगामात माळरानावर धूळ बसावी म्हणून पाणी मारणाऱ्या, चुन्याचं वर्तुळ आखणाऱ्या गड्यांना एकदा ‘हेलिकोपॅड’ म्हणायला लावून बघा.