शॉकअप गाडी उचलत नाही

मागून बसलेली गाडी लांबूनच ओळखू येते. नाक वर, शेपूट खाली, आणि रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी बाभळीच्या शेंड्यांवर. समोरून येणारा आधी डिपर मारतो, मग जवळून जाताना काहीतरी बोलून जातो. आमची बोलेरो दोन वर्षं अशीच चालली होती. सांगोल्याच्या आसपास अशा गाड्या इतक्या आहेत की कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

गाडी २००९ची. पंधरा वर्षं झाल्यावर अप्पांनी तिचं पासिंग पुन्हा करून घेतलं, म्हणजे आणखी पाच वर्षं ती अंगणात उभी राहणार हे ठरलं. २०१५ साली मला पुण्याला इंजिनिअरिंगला सोडायला हीच आली होती, मागे गादी आणि ट्रंक घालून. नवीन घेऊया का, असं मी दोनदा विचारलं आणि अप्पांनी दोन्ही वेळा माझ्या फ्लॅटच्या हप्त्याचा आकडा मला ऐकवला. विषय संपला.

या दोन वर्षांत अप्पांनी मागचे शॉकअप दोनदा बदलले होते. गाडी मागून बसली की गॅरेजवाला म्हणतो, "शॉकअप गेलेत." शॉकअपची जोडी अर्ध्या तासात बसते आणि पाट्यांच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. नवे टाकले की गाडीचं डोलणं कमी होतं, त्यामुळे काहीतरी सुधारलं असं वाटतंही. फक्त गाडी होती तिथेच राहते, एक सेंटीमीटरही वर येत नाही.

याचं कारण बारावीच्या फिजिक्सएवढंच आहे. शॉकअपच्या आत तेल असतं, आणि दांडा आत-बाहेर होताना ते तेल बारीक भोकांतून ढकललं जातं. त्याचा विरोध दांड्याच्या वेगावर ठरतो. अंगणात उभ्या असलेल्या गाडीत तो वेग शून्य, म्हणून तेलाचा जोरही शून्य. गाडीचं वजन पेलायचं काम पाट्यांचं. पाटे उसळी मारतात, आणि ती उसळी दोन-चार हेलकाव्यांत थांबवायची एवढंच शॉकअपचं काम. बोलेरोला मागे कॉइल स्प्रिंग नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी पाट्यांचा एकेक गठ्ठा असतो, ट्रकला आपण पाहत आलोय तसाच.

"पण गॅसवाले टाकले तर वर येते," हे मला तिघांनी सांगितलं. गॅसवाल्या शॉकअपचा दांडा दाबून सोडला की खरंच आपोआप बाहेर येतो. म्हणून दुसऱ्या वेळी टाकलेल्यांपैकी एक मी सोडवून घेतला, बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा धरला आणि अर्ध्यापर्यंत दाबून ठेवला. काटा दहाच्या आसपास थांबला. म्हणजे दोन्ही मिळून वीस किलो, डाळिंबाचा एक क्रेट. नायट्रोजन आत भरतात तो वेगळ्या कारणासाठी. खराब रस्त्यावर सतत घुसळून तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेलं तेल विरोध करत नाही. गॅसचा दाब तो फेस होऊ देत नाही. आमच्यासारख्या रस्त्यांवर तो हवाच, पण गाडी उचलायला नव्हे.

डिसेंबरात, मृग बहराची तोडणी चालू असताना, मी आठ दिवस घरून काम करायला गावी गेलो आणि आधी टेप घेऊन बसलो. सपाट जागा पाहिजे. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत सरळ मोजायचं, म्हणजे टायरमध्ये हवा किती आहे याने फरक पडत नाही. डावीकडे साडेसेहेचाळीस सेंटीमीटर, उजवीकडे अठ्ठेचाळीस. शेजारच्या मळ्यात याच मॉडेलची एक गाडी आहे, ती लग्नाकार्यालाच निघते. तिची त्रेपन्न. आमची रिकामी गाडीच पाच-सहा सेंटीमीटर खाली होती.

आणि ती रिकामी क्वचितच असायची. एका क्रेटमध्ये वीस किलो डाळिंब, अप्पा भरायचे पंचवीस क्रेट. पाचशे किलो. शिवाय सगळे मागे, एक्सलच्याही मागे. वजन एक्सलच्या मागे गेलं की पाळण्यासारखं होतं: मागचं टोक दबतं, पुढचं उचललं जातं. बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २६८० मिलीमीटर आहे. भाराचा मध्य मागच्या एक्सलपासून चाळीस सेंटीमीटर मागे धरला, तर मागच्या चाकांवर पाचशे नाही, पावणेसहाशे किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे पंचाहत्तर कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते म्हणून. अप्पांना ते हलकं स्टिअरिंग आवडायचं, ही वेगळीच पंचाईत.

आता आईचं. तिला एल-फोर एल-फाइव्हचा त्रास आहे. महिन्यातून दोनदा पंढरपूरला फिजिओथेरपीला जावं लागतं आणि ती मधल्या सीटवर बसते. परत येते तेव्हा जाताना होती त्याहून वाईट अवस्थेत, असं ती मला फोनवर सांगायची. घरात सगळ्यांची समजूत अशी की गाडी बसली म्हणजे मऊ झाली, तेव्हा गाडीचा दोष नसणार, पाठच जास्त बिघडली असणार.

मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते नेमकं उलटं आहे. थकलेला पाटा मऊ होत नाही. पोलादाचा ताठपणा वर्षांनी कमी होत नाही. पाट्याची जाते ती कमान. एका किलोमागे तो पूर्वी जितका वाकायचा तितकाच आताही वाकतो, पण वाकायला जागा उरलेली नसते. थोडा खड्डा आला की एक्सल वर येऊन चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणी गाडीला स्प्रिंगच नसते. आईच्या मणक्याला बसायचा तो हा ठोका. तिची पाठ बिघडल्याचा पुरावा म्हणून आम्ही जे दोन वर्षं ऐकत होतो, त्यातलं निम्मं त्या चपट्या झालेल्या रबराचं होतं. खाली वाकून पाहिलं तर एक्सलवर त्याचे काळे डाग स्पष्ट दिसत होते.

गॅरेजवाल्याकडे उपाय तयार होता: पिकअपचा एकेक पाटा जादा टाकायचा. या भागात सगळे तेच करतात, आणि नुसता माल वाहायचा असेल तर ते चूकही नाही. पण पिकअपचा पाटा जाड. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे आठ मिलीच्या जागी दहा मिलीचा पाटा जवळपास दुप्पट ताठ. क्रेट भरलेले असताना गाडी सरळ उभी राहील, आणि आई एकटी मागे बसून पंढरपूरला जाईल तेव्हा बैलगाडीत बसल्यासारखं वाटेल. लांब शॅकल लावायचा स्वस्त उपायही एकाने सांगितला. त्याने उंची वाढते, पण वजन पेलायची ताकद तेवढीच राहते.

म्हणजे प्रश्न शॉकअप कुठला हा नव्हता. ही गाडी कुणासाठी, क्रेटसाठी की आईसाठी, हा होता. आणि तो अप्पांना विचारायचा म्हणजे अवघड.

"अप्पा, क्रेट कमी करा. बाकीचे टेंपोने पाठवा."

"टेंपोवाला क्रेटमागं पैसे घेतो. मग गाडी कशाला ठेवलीय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डाळिंबावर तेल्या आला त्या वर्षी आमचं काय झालं होतं ते मला माहीत आहे. अप्पा क्रेटमागचा रुपया का मोजतात हेही. लॅपटॉपवरचा हिशोब त्यांना दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला जाताना म्हटलं, आज मी चालवतो, तुम्ही मागे आईच्या जागेवर बसा. मागे पंचवीस क्रेट. इतक्या वर्षांत अप्पा त्या सीटवर कधी बसलेच नव्हते, त्यांची जागा कायम स्टिअरिंगमागे.

मळ्यातून डांबरीवर येईपर्यंत तीन ठोके बसले. कॅनॉलच्या पुलाच्या सांध्यावर चौथा. आरशात दिसलं, त्यांनी वरचं हँडल पकडलं होतं. बराच वेळ गप्प होते.

"ती रोज असंच बसती व्हय?"

"रोज नाही. महिन्यातून दोनदा."

मार्केट येईपर्यंत पुढे काही बोलणं झालं नाही. क्रेट उतरवताना म्हणाले, "पंधरा घालू. पाटेवाल्याला विचार."

पाटेवाले पंढरपूर रोडला आहेत. त्यांचं मुख्य काम उसाच्या ट्रॉल्यांचं, बोलेरो वगैरे त्यांच्या दृष्टीने खेळणी. त्यांनी गठ्ठा सोडवला, मेन पाट्याच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत दोरी ताणली आणि मधलं अंतर बोटांनी मोजलं. दोन बोटंसुद्धा भरेना. पाट्यांच्या मध्ये गंज, आणि सेंटर बोल्ट वाकलेला. "कमान मारून देतो, पण हंगामभर टिकंल," ते स्वतःच म्हणाले. हे मला आवडलं, कारण कमान मारण्यातच त्यांची कमाई होती. पाट्याचं पोलाद लाल तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा मंद तापवून त्याला चिवटपणा आणतात. थंड पाटा ठोकून वाकवला तर आकार येतो, पण थकलेलं पोलाद पुन्हा नवं होत नाही. म्हणून नवीन गठ्ठे घेतले, कंपनीच्या मूळ जाडीचे, जादा पाटा न टाकता. बुश आणि यू-बोल्टही नवे. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू दिले नाहीत. तसे आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकवून मगच शेवटचा आवळा. पाटेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि म्हणाले, "कुठं शिकलास?" यूट्यूबवर, हे मी सांगितलं नाही.

शॉकअप सगळ्यात शेवटी निवडले, आणि तेव्हा ती निवड सोपी होती. दुकानात 'हेवी ड्युटी' आधी पुढे करतात. पण शॉकअप पाट्याच्या मापाचा लागतो: पाटा मूळ ताठपणाचा असेल तर शॉकअपही त्याच जोराचा. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानेही थोडी उसळी मरतेच. फार कडक शॉकअप लावला तर बारीक खडबडीवर हादरा सरळ अंगात येतो, आणि एक्सलला एका खड्ड्यानंतर खाली यायला वेळ मिळायच्या आत दुसरा येतो; गाडी चालता चालता आणखी खाली बसत जाते. दुसरं पाहायचं ते लांबीचं. पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी, दोन्ही लांब्या जुन्याशी ताडून घेतल्या. उंची मूळचीच ठेवली होती, म्हणून मूळ लांबीचे चालले. उचललेल्या गाडीला ते आखूड पडले असते. साधी गॅसवाली जोडी घेतली. दुसऱ्या वेळचे सोडवले तेव्हा त्यातला एक हातानेच सायकलच्या पंपासारखा खालीवर होत होता. सहा महिन्यांपूर्वीचा होता तो. दिवसभर ठोकळ्यावर आदळणाऱ्या गाडीत कुठलाच शॉकअप टिकला नसता.

आता रिकामी डावीकडे साडेत्रेपन्न, उजवीकडे त्रेपन्न. पंधरा क्रेट घातल्यावर अठ्ठेचाळीस, म्हणजे पूर्वी रिकामी होती तेवढी. क्रेट आता आधी सीटच्या पाठीला चिकटवून लावतात, शेवटची ओळ दारापासून लांब. हेडलाइटची पातळीही पुन्हा लावून घेतली. आई पंढरपूरला जाऊन आली आणि म्हणाली, "हादरे हायतच, पण ते धाडकन बसायचं ते न्हाई." पाठ बरी झालेली नाही, ती गाडीने होणारही नव्हती.

अप्पांनी पहिल्याच शनिवारी अठरा क्रेट घातले. मी फोनवर काही बोललो नाही. नवे पाटे एकमेकांवर बसत जातात तसे यू-बोल्ट सैल पडतात, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळायचे असतात. तो आकडा अप्पांनी डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवलाय आणि रोज संध्याकाळी किती राहिले ते मला कळवतात. काल एकशे दहा राहिले होते.