जुहूची वाळू आणि घरचे तट्टू

सायंकाळी जुहूच्या किनाऱ्यावर सहकुटुंब जाणाऱ्या मंडळींना तट्टावर बसून वाळूत मिरविणारी बालके अपरिचित नाहीत. चार पावलांची ती फेरी संपते न संपते तोच हट्ट सुरू होतो, ‘आपण असेच एक घरी आणू या!’ आणि एखादे हौशी काका तो मनावरही घेतात. या हट्टाची टर उडविण्याचा आमचा हेतू नाही. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा अभिमान मिरविणाऱ्या समाजात मुलांना घोड्याची ओढ वाटावी, हे योग्यच होय. परंतु अश्वारोहण शिकणे निराळे आणि जनावर पाळणे निराळे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. भरतीच्या रेषेवरील कोरडी वाळू भुसभुशीत. तीत खूर रुततो व पायांच्या शिरांवर ताण पडतो. ओहोटीनंतरची ओलसर, घट्ट वाळू त्या मानाने बरी. म्हणजे फेरफटक्याची वेळ आपल्या सवडीने नव्हे, तर समुद्राच्या मर्जीने ठरावयाची. आणि ती वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते! शेजारीच विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. आज तेथून हेलिकॉप्टरे उडतात. घोडा जात्याच बुजरा. विमानांची घरघर, गणेशविसर्जनाची गर्दी व दिवाळीचे फटाके यांस सरावण्यास नव्या जनावराला महिने लागतात. किनाऱ्यावरचे तट्टू यांस सरावलेले असते खरे. पण ते बहुधा मालकाच्या हाताला ओळखते, स्वाराच्या लगामाला नव्हे.

आता बाजाराकडे वळू. दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्यास, किंवा नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे डौलदार शिंगराला भुलू नये. नवा स्वार आणि नवा घोडा ही जोडी धोक्याची. नवशिक्याला आठ-दहा वर्षे वयाचे, शांत, शिकलेले जनावरच हितकर. वय दातांवरून कळते. पाचव्या वर्षी सर्व कायमचे दात येतात व पुढे खालच्या दातांवरील खळगे झिजत जातात. परंतु हे पाहण्यास जाणता मनुष्य व पशुवैद्य बरोबर हवाच. माणसासही जडणाऱ्या ग्लँडर्स रोगासाठी रक्ततपासणी केल्यावाचून व्यवहार करू नये. जनावराने स्वाराचे व खोगिराचे ओझे आपल्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक वाहू नये. अडीचशे किलोचे तट्टू पन्नास किलोच पेलणार. तेव्हा हौशी काकांनी आपली हौस आवरलेली बरी!

किंमत एकदाच द्यावयाची असते. वैरण, चंदी, खरारा मात्र रोजचे. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी यावयाचा. त्यातून घोडा का अडला, या बिरबलाच्या कोड्याचे उत्तर घराघरांत ठाऊक आहे: न फिरविल्यामुळे! ठाणबंद घोड्याचे पाय व पोट दोन्ही बिघडतात. परीक्षेच्या दिवसांत त्याला कोण फिरविणार? दहा वर्षांच्या बाळूसाठी घेतलेले आठ वर्षांचे तट्टू तो महाविद्यालयात जाईल तेव्हा सोळा वर्षांचे असेल, आणि पुढेही दहा वर्षे जगू शकेल. तेव्हा त्याचे म्हातारपण कोणाच्या दारी? २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने करमणुकीच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. गाडी मोडीत काढता येते. ती ओढणाऱ्या मुक्या जिवाला मात्र दुसऱ्या दिवशीही भूक लागते.

म्हणून आमची सूचना अशी. महालक्ष्मीस १९४२ सालापासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तेथे किंवा तशाच एखाद्या शाळेत मुलाला वर्षभर घालावे. मांड बसण्यापूर्वी त्याने खरारा करावा, खूर साफ करावे, तबेल्यातील लीद उचलावी. पावसाळ्यातल्या पहाटेही जो न हाकता उठतो, त्याच्यासाठी तट्टाचा विचार घरच्या वडीलधाऱ्यांनी अवश्य करावा. ज्याची हौस पहिल्या पावसातच वाहून जाईल, त्याच्यापायी निदान एक जनावर तरी हातोहात विकले जाण्यापासून वाचेल.