दलदलीतील बोलकी मंडळी

आमच्या नेसरीला वर्तमानपत्र गडहिंग्लजहून एस.टी.ने येई. मोठी माणसे अग्रलेख वाचीत. मी मात्र पाने उलटून प्रथम चित्रमालिका शोधीत असे. तीन-चार चौकटींचा तो पट्टा वाचायला अर्धे मिनिटही लागत नसे. पण दुसऱ्या दिवसाचा अंक हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागे. एखादी मालिका अचानक दिसेनाशी झाली, म्हणजे तिच्यातील पात्रे कोठे गेली असतील, हा प्रश्न मला सतावीत राही.

या प्रश्नाचे एक खरेखुरे उत्तर मला पुढे मोठेपणी मिळाले. अमेरिकेत वॉल्ट केली नावाचा एक चित्रकार होऊन गेला. न्यूयॉर्कच्या ‘स्टार’ या दैनिकात त्याने ऑक्टोबर १९४८ मध्ये ‘पोगो’ ही विनोदी चित्रमालिका सुरू केली. ओकेफेनोकी नावाच्या अफाट दलदलीत राहणाऱ्या प्राण्यांची ती कथा. पोगो हा ऑपॉसम, म्हणजे मांजराएवढा, झाडावर चढणारा एक प्राणी. त्याचा मित्र आल्बर्ट हा मगरीच्या जातीचा. चिरूट ओढणारा आणि भुकेच्या भरात काहीही गिळून टाकणारा! शिवाय शहाणपणाचा आव आणणारे घुबड, आणि सदा तोंड पाडून बसणारे, पण मनाचे हळवे साळिंदर.

ही मंडळी पुस्तकी इंग्रजी बोलत नाहीत. त्यांची बोली गावरान आणि शब्द मोडकेतोडके. ते वाचताना मला आमच्या गोठ्याची आठवण झाली. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असे म्हणतात. तेव्हा नेसरीची म्हैस बोलू लागली, तर ‘मी आलो’ असेच म्हणणार! प्राण्याला वाचा द्यावयाची, तर त्याला गावही द्यावे लागते. केलीला हे नेमके उमगले होते.

पण जानेवारी १९४९ मध्ये ‘स्टार’ बंद पडले. चार महिनेही पुरे झाले नव्हते, तोच सारी दलदल मुकी झाली. केलीने मात्र आपल्या प्राण्यांना वाऱ्यावर सोडले नाही. अनेक वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरविणाऱ्या एका संस्थेकडे तो त्यांना घेऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोगो पुन्हा बोलू लागला. १९७३ मध्ये केली वारला. त्यानंतरही दोन वर्षे मालिका चालू होती.

या प्राण्यांच्या थट्टेला धार होती. त्या काळी जोसेफ मॅकार्थी नावाचे एक सिनेटर पुराव्यावाचून लोकांवर देशद्रोहाचे आरोप करीत. त्या धास्तीने अनेकांच्या नोकऱ्या गेल्या; भलेभले गप्प बसले. केलीने १९५३ मध्ये दलदलीत एक रानमांजर आणले. त्याचा चेहरा हुबेहूब मॅकार्थींचा! तेव्हा प्रॉव्हिडन्स शहरातील एका वृत्तपत्राने बजावले, की हा चेहरा पुन्हा दिसला, तर आम्ही ही मालिका छापणार नाही.

केलीने वाद घातला नाही. त्याने दलदलीत एक कोंबडी पाठविली. ती प्रॉव्हिडन्सची आहे असे कळताच रानमांजराने घाईघाईने डोक्यावर पिशवी ओढून घेतली; का, तर त्या गावच्या कोणीही आपले तोंड पाहू नये!