न वाळणारं तेल

रंग वाळतो, डांबर आळतं, लांबी सुकून कडक होते. हे तेल वाळत नाही. गाडीच्या पोटाखाली, चासीच्या पट्टीवर फवारलेल्या अंडरकोटिंगच्या तेलाला सहा महिन्यांनी बोट लावून बघा, बोट ओशट होतंच. वर धूळ बसलेली, रंग मातकट झालेला. दिसायला अगदी ओंगळ. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून ज्याला एकच गाडी दहा-पंधरा वर्षं वापरायची आहे, त्याला याच्यासारखा सोबती मिळायचा नाही.

याचा खरा गुण म्हणजे सरकणं. गाडीच्या दाराची खालची कड जवळून पाहा. तिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो आणि दोहोंमध्ये केसाएवढी फट राहते. कारखान्यातला रंगही तिथे धड पोचत नाही. पाणी मात्र बरोबर पोचतं आणि बसून राहतं. कारागीर कॉम्प्रेसरच्या गनला लांब, बारीक नळी लावतो, ती दाराच्या आत घालतो आणि खटका दाबतो. आत धुकं उडावं तसा फवारा पसरतो. संध्याकाळी काम संपतं आणि सकाळी दाराच्या बाहेरच्या कडेवर पिवळसर ओली रेघ उमटलेली दिसते. खाली फरशीवर चार-दोन थेंब पडलेले असतात. घरची मंडळी फरशीवरून कुरकुरतात, पण ते थेंब पडायलाच हवेत. आतून मारलेलं तेल फटीतून आरपार गेलं, हे त्यांच्यावरूनच कळतं.

ज्याच्याशी याचं वैर, तो गंज फार कमी भांडवलावर धंदा करतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं त्याला पुरतं. त्यात मीठ मिसळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. मिरकरवाड्याहून, हर्णैहून मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोंच्या मागून गाडी चालवली असेल, तर त्यांच्या फाळक्यातून गळणारं बर्फाचं खारट पाणी तुम्ही पाहिलंच असेल. ते आधी त्या टेम्पोचा मागचा पत्रा खातं, आणि रस्त्यावरून उडून आपल्या गाडीच्या पोटालाही लागतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पापुद्रे काढत फुगतो. मडगार्डच्या कडेला रंगाचा फोड दिसला, म्हणजे आतलं काम केव्हाच उरकलेलं असतं.

डांबरी किंवा रबरी कोटिंग या तेलापेक्षा देखणं असतं. काळंभोर, कोरडं, हात लावला तरी स्वच्छ. नव्या, कोरड्या पत्र्यावर नीट बसलं तर ते दगड-खडीचा मार सोसतं, हे मान्य. पण एखादा खडा लागून त्याला चीर गेली की पाणी त्याच्या मागे शिरतं आणि तिथेच अडकतं. जुन्या गाडीच्या गंजावर ते मारणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला वरून डिस्टेंपर देणं. वर्षभराने डेंटर त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि तो सरळ आत जातो. तेल असं काही झाकून ठेवत नाही. पातळ थरातून खालचा पत्रा दिसत राहतो, खरचटलं तर आजूबाजूचं तेल हळूहळू तिथे पसरतं, आणि जुन्या गंजातही ते मुरतं, त्यामुळे गंजाची चाल मंदावते. पडलेलं भोक मात्र ते बुजवत नाही. तिथे वेल्डिंगच लागतं.

या तेलाचं मोठं घराणं कॅनडात आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून ओंटारिओ, क्वेबेककडे दर शरदात गाडीला तेल मारून घेणं ही रीतच आहे. टोरांटोकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. काही तेलं खनिज, तर काहींत मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन नावाचं मेण असतं. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. लाकडी होड्यांना माशाचं तेल चोपडायची रीत किनाऱ्यावर जुनीच आहे.

अंडरकोटिंगच्या तेलाच्या नावावर एक तोतया मात्र सर्रास फिरतो : जळकं ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं तेल डिझेलमध्ये पातळ करून चासीवर मारलं जातं, कारण ते जवळपास फुकट पडतं. मला हे अजिबात पटत नाही. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, धातूंचा कीस असतो. पत्र्याला वाचवायला नेमकं हेच लावायचं? शिवाय पहिल्या पावसात ते अंगणात, तिथून वहाळात आणि विहिरीत उतरतं. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात होते, ती उगाच नाही.

चांगल्या तेलाचीही पथ्यं आहेत. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर त्याचा एक थेंबही जाता कामा नये, तिथे जिवाशी गाठ आहे. तापलेल्या सायलेन्सरवर ते धुमसतं. खनिज तेलाने काही रबरी बुश फुगतात, म्हणून रबराला चालेल असंच तेल निवडावं. आणि चाकामागे जिथे पाण्याचा थेट मारा बसतो, तिथून ते सगळ्यांत आधी धुऊन जातं.

तेव्हा मेअखेरीस, पावसाआधी, गाडी खालून स्वच्छ धुऊन घ्या आणि पूर्ण सुकू द्या. सुटलेले पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करा. तेल नवं आहे, हे डबा उघडताना उभं राहून बघा. आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा मारून घ्या, पहिलं तेल अजून ओलं दिसत असलं तरी.