पाच लिटरचा दिवस

एकट्यानं सायकलवर दूर जायचं म्हटलं की लोक आधी पंक्चरबद्दल विचारतात. मग कुत्र्यांबद्दल. मग "आई काही बोलली नाही?" पाण्याबद्दल कुणीच विचारत नाही. खरं तर तंबू, स्लीपिंग बॅग, छोटा स्टोव्ह, पाने-पकड यांचं वजन एकदा ठरलं की ठरलं. रोज डोकं खातं ते पाणी. माझा हिशेब साधा आहे... प्यायला चार लिटर, रात्रीच्या खिचडीला आणि पातेलं विसळायला एक. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि चढावर त्यातला प्रत्येक किलो आपली ओळख करून देतो :)

तर मंडळी, गेल्या फेब्रुवारीत वीकान्ताला दोन सुट्ट्या जोडून मिरज ते पंढरपूर निघालो होतो. पहिला मुक्काम भोसे गावाजवळ, दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला झाला. आज लिहितोय तो दुसरा दिवस, कवठे महांकाळ तालुक्यातला.

सकाळी सातला निघालो. रत्नागिरीहून सोलापूरकडे जाणारा हा हायवे आता चौपदरी झालाय. रस्ता मख्खन, पण सावली शून्य. त्यात पूर्वेचं वारं थेट तोंडावर. शिरढोण येईपर्यंत दीड लिटर संपलं होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. मधे एखादा माळ असा कोरडा, की ही हिरवळ खोटी वाटावी.

तशी ती उसनीच आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हा तालुका पर्जन्यछायेत, इथे जेमतेम पाचशेच्या आसपास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, अर्धं शहर पाण्यात होतं. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर फिरत होते. जिल्हा एक, नदी एक! म्हणून म्हैसाळला कृष्णेतून पाणी उचलायचं आणि पंपांनी एकेक टप्पा वर चढवत इकडे आणायचं, अशी ती म्हैसाळ उपसा सिंचन योजना. नदी उताराने वाहते, इथे ती वीजबिलावर चढते. बिल थकलं की पंप बंद, ही इथली जुनी कथा.

कवठे महांकाळला मिसळ आणि दोन चहा झाले. मग मुद्दाम स्टेशनकडे सायकल वळवली. पूर्वी हा बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग होता, १९२७ साली तो मिरजेपर्यंत पोचला. आता ब्रॉडगेज आहे. पण मला तो रूळ वेगळ्याच कारणासाठी बघायचा होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे मिरजेहून याच रुळांवरून गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर. माझ्या हिशेबाने एक लाख दिवसांचं, म्हणजे पावणेतीनशे वर्षांचं पाणी! आणि शहराला ते पुरलं नाही. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. कृष्णेचं पाणी एका दुष्काळी तालुक्यातून दुसऱ्या दुष्काळी शहराकडे जात होतं. स्टेशनवर तेव्हा कुणी उभं असेल तर त्याला काय वाटलं असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

दुपारी नागजच्या अलीकडे एका बेदाण्याच्या शेडपाशी टेकलो. बाटलीत तळ दिसत होता.

"पाव्हणं, कुठनं आलायसा?"

"मिरजेवरून, काका. पंढरपूरला चाललोय."

"सायकलवर? एकटंच? गाडी न्हाई व्हय?"

आहे म्हटल्यावर काका गप्पच झाले. माझी केस हाताबाहेर गेलीय, हे त्यांना कळलं असावं. मग शेड दाखवली. जाळ्यांचे थरावर थर, त्यावर औषधाच्या पाण्यात बुडवून पसरलेली द्राक्षं. पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. मी आपला इंजिनियर, लगेच बोललो, म्हणजे म्हैसाळवरून एवढ्या खर्चानं चढवलेलं पाणी तुम्ही वाऱ्यावर सोडून देता!

"द्राक्ष आठ दिस थांबत न्हाई. बेदाणा वरीसभर कोल्ड स्टोरेजला ऱ्हातोय. भाव आला की इकायचा." काका शांतपणे म्हणाले. माल टिकवायची ताकद या कोरड्या हवेनेच दिलीय, हे मला तिथे कळलं. ज्या वाऱ्याला मी सकाळपासून शिव्या घालत होतो, तोच त्यांचा कामगार.

पाणी मावशींनी भरून दिलं. पाचही लिटर, घरातल्या माठातून. मी नको नको म्हणत होतो, नळाचं चालेल म्हणत होतो. भरता भरता त्या सहज म्हणाल्या, "कॅनॉल यायच्या आधी ह्या गावात पोरगी द्यायला लोक नाय म्हणायचं. मी आले तवा दोन मैल चालून हंडा आणायची. डोक्यावर एक, कमरंवर एक." मग पॅनियरकडे बघून विचारलं, "जड हुतंय का रं?"

काय उत्तर देणार? नाही म्हटलं. आणि खरंच, त्यानंतर ते जड लागलं नाही... निदान नागजच्या चढापर्यंत तरी :)

संध्याकाळी त्यांच्याच ओळखीनं पुढच्या एका रानात तंबूला जागा मिळाली. मालकांनी अट घातली, "बोअरचं पाणी घ्या, पण मोटार आमी लावल्यावर." लाइट रात्री साडेदहाला आली. तोवर खिचडी थांबली होती, मीही थांबलो. मालक बॅटरी घेऊन आले, बटण दाबलं, आणि पाइपातून आधी नुसती हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. आम्ही दोघंही ती धार बघत काही न बोलता उभे होतो.

खिचडीत मूठभर बेदाणे टाकले. काकांनी पैसे घेतले नव्हते. पातेलं त्या रात्री मी अर्ध्या तांब्यात विसळलं.